या किल्ल्या कुणाच्या?

जपान या देशाशी माझं कसलंही भांडण नाही. माझं मनगटी घड्याळ जपानी आहे आणि कॅल्क्युलेटरही जपानी आहे. दोन्ही गेली बावीस वर्षं एकदाही बिघडलेली नाहीत. त्याच काळात मी स्वतः तीन वेळा बिघडलो आणि एकदा तर दुरुस्तीसाठी चार दिवस ठेवून घेतलं. तेव्हा राष्ट्र म्हणून त्यांचं जे काय आहे ते उत्तमच आहे. माझं भांडण आहे ते एका जपानी बाईंशी. त्यांना या भांडणाची कल्पना नसल्यामुळे मला ते बऱ्यापैकी धीटपणे करता येतं.

बाईंचं नाव चिहारू शिओता. जन्म १९७२ सालचा, ओसाकाकडचा. गेली कित्येक वर्षं मुक्काम बर्लिनला. व्यवसाय कलावंताचा आणि मुख्य माल एकच, दोरा. क्योतोला रीतसर चित्रकला शिकल्या, पण पुढं कॅनव्हासवर रेघा ओढण्याऐवजी त्यांनी त्या हवेतच ओढायला घेतल्या. हवेत रेघ टिकत नाही, म्हणून दोरा. एक अख्खी खोली घ्यायची, जमिनीपासून छतापर्यंत काळ्या नाहीतर लाल दोऱ्यांचं असं दाट जाळं विणायचं की पलीकडची भिंत दिसेनाशी व्हावी, आणि त्या जाळ्यात काहीतरी ठेवून द्यायचं. पलंग, खुर्च्या, जुन्या बॅगा, होड्यांचे सांगाडे. एकदा जळका पियानो. त्या नऊ वर्षांच्या असताना शेजारचं घर जळालं आणि दुसऱ्या दिवशी त्या राखेत जळका पियानो उभा दिसला. तो काही मनातून गेला नाही. मोठेपणी त्यांनी खरोखरीचा पियानो जाळून काळ्या दोऱ्यांत नेऊन ठेवला.

आता तुम्ही विचाराल, बी. कॉम. होऊन काउंटरमागं बसलेल्या माणसाला या विषयात तोंड घालायचा अधिकार कोणी दिला? माझं म्हणणं असं, की कलावंतांना पे-इन स्लिप भरता येत नाही म्हणून आम्ही त्यांना कधी बँकेत यायची बंदी केली आहे का? उलट त्यांची स्लिप आम्हीच भरून देतो, आणि वर त्यांची सही जुळत नाही हेही हसतमुखानं सांगतो. तेवढी उदारता त्यांनी मला दाखवावी.

भांडणाला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. या बाईंना हसणाऱ्यांच्या पार्टीत मी नाही. ती पार्टी आमच्या शाखेत मोठी आहे. भाचीनं मोबाइलवर पाठवलेले फोटो मी डब्याच्या वेळी दाखवले, तेव्हा एका सहकाऱ्यानं चपातीचा घास हातात धरून एवढ्या लोकरीत किती स्वेटर झाले असते याचा हिशोब मांडला. दुसऱ्यानं विचारलं, की प्रदर्शन संपल्यावर जाळं काढायचं कंत्राट कोणाकडं असतं. तिसरे आमचे संस्कृतिरक्षक. ते म्हणाले, यात नवीन काय? आमच्या बायका हजारो वर्षं वडाला दोरा गुंडाळताहेत, आम्ही त्याचं कधी तिकीट लावलं नाही! (हे गृहस्थ वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या विकत आणतात.)

या मंडळींना मी एवढंच सांगितलं, की २०१७ साली या बाईंना टोकियोच्या मोरी म्युझियमचं मोठ्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की बारा वर्षांपूर्वी झालेला कर्करोग परत आला आहे. उपचार घेत घेत त्यांनी ते प्रदर्शन उभं केलं. २०१९ साली चार महिन्यांत साडेसहा लाखांहून जास्त लोक ते पाहून गेले. मोरी म्युझियमच्या इतिहासात गर्दीचा हा दुसरा क्रमांक. मरण दाराशी बसलेलं असताना जी बाई शिडीवर चढून दोरे बांधते, तिच्या लोकरीचे स्वेटर मोजू नयेत. संस्कृतिरक्षक तेवढे म्हणाले, की मोजायला काय हरकत आहे.

तेव्हा माझं भांडण हसणाऱ्यांसारखं नाही. भाचीच्या पार्टीशी मात्र आहे, आणि तिथं मला हटायचं नाही.

भाची बडोद्याला चित्रकला शिकते. तिची आणि तिच्या वर्गाची भाषा अशी, की हे सगळं म्हणजे ‘ह्यूमन कनेक्शन’. आमच्या लहानपणी कनेक्शन गॅसचं असायचं, पुढं टेलिफोनचं आलं, आणि अमक्याचं वरपर्यंत कनेक्शन आहे म्हटलं की त्याच्या मुलाची ॲडमिशन झालेली असायची. आता नुसतं कनेक्शन असतं. कशाशी, कोणाचं, हे विचारायचं नाही. विचारलं की भाची म्हणते, “मामा, तुला प्रत्येक गोष्टीचं व्हाउचर लागतं.”

लागतं. आणि का लागतं ते सांगतो.

२०१५ साली इटलीत व्हेनिसच्या कला-बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलेच्या जागतिक जत्रेत, जपानच्या दालनात शिओताबाईंनी एक रचना मांडली. नाव ‘द की इन द हँड’. त्यासाठी त्यांनी जगभरच्या लोकांकडं वापरात नसलेल्या किल्ल्या मागितल्या, आणि लोकांनी दिल्या! पन्नास हजारांहून जास्त किल्ल्या लाल दोऱ्यांना बांधून छतापासून खाली सोडल्या. खाली दोन जुन्या लाकडी होड्या. वरून आठवणींचा पाऊस पडतो आहे आणि या होड्या म्हणजे तो झेलायला पसरलेले दोन हात, अशी कल्पना. त्याआधीच्या काही वर्षांत बाईंची जवळची माणसं गेली होती, त्या दुःखातून हे आलं. फोटोतसुद्धा ते पाहून आपण गप्प होतो. मी तर पाच मिनिटं गप्प होतो, असं आमच्या सौभाग्यवतींनी घड्याळ लावून सांगितलं.

सहाव्या मिनिटाला माझ्यातला कारकून जागा झाला. पन्नास हजार किल्ल्या जमा. कुणाच्या?

कुठल्या दाराच्या? ते दार आहे की पाडलं? ज्यानं किल्ली पाठवली तो त्या घरातून निघाला, हाकलला गेला, की घरातलं माणूस गेलं म्हणून कुलूप बदललं? ज्या किल्लीनं चाळीस वर्षं एखाद्या बाईनं कोठीचं दार उघडलं ती, आणि कुणाच्या तरी सायकलच्या कुलपाची ती, दोघी शेजारी शेजारी सारख्याच लोंबताहेत. तुम्ही खालून पाहायचं आणि म्हणायचं, वा, माणसं कशी जोडलेली आहेत! अहो, कोण कुणाशी जोडलं आहे? आमच्याकडं रक्कम जमा होते पण कुणाच्या खात्यात टाकायची ते कळत नाही, तेव्हा आम्ही ती सस्पेन्स अकाउंटला ठेवतो. पन्नास हजार नोंदींचं सस्पेन्स अकाउंट पाहून बँकेचा इन्स्पेक्टर रडेल हे खरं, पण ते काही सौंदर्यानं नव्हे.

यावर भाचीचा हुकमी एक्का म्हणजे परंपरा. जपानात म्हणे जुनी समजूत आहे. ज्या दोघांची गाठ पडायची असते त्यांच्या करंगळ्या एका अदृश्य लाल दोऱ्यानं बांधलेल्या असतात. दोरा ताणतो, गुंततो, पण तुटत नाही. शिओताबाईंच्या लाल दोऱ्याविषयी लिहिताना ही समजूत बहुतेक जण सांगतात. भाचीनंही सांगितली. मग मीही ती मुळापासून वाचून काढली, आणि माझी बाजू इतकी भक्कम निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

समजूत मूळची चीनमधली. तांग राजवटीच्या काळातली गोष्ट आहे. वेइ गू नावाचा लग्नाळू तरुण पहाटे एका गावात चालला होता. वाटेत चंद्रप्रकाशात एक म्हातारा पिशवीला टेकून पुस्तक वाचत बसलेला. कसलं पुस्तक? तर जगातली सगळी लग्नं त्यात लिहिलेली. आणि पिशवीत काय? लाल दोरे, नवरा-बायकोचे पाय बांधायला. (करंगळी पुढं जपानात आली, चीनमध्ये पायच. लग्नाच्या बाबतीत चिनी लोक जास्त वास्तववादी असावेत.) तरुणानं आपली बायको कोण ते विचारलं. म्हाताऱ्यानं बाजारात नेऊन दाखवली. एका डोळ्यानं अधू अशा भाजीवालीच्या कडेवरची तीन वर्षांची पोर! तरुण भडकला आणि त्यानं नोकराला सुरी देऊन तिला मारायला पाठवलं. नोकराचा वार चुकला आणि भुवयांच्या मध्ये लागला. चौदा वर्षांनी त्या तरुणाचं एका बड्या अधिकाऱ्याच्या देखण्या मुलीशी लग्न झालं. ती भुवयांच्या मध्ये कायम एक टिकली लावायची, अंघोळीलाही काढायची नाही. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

भाचीला आणि तिच्या वर्गाला या गोष्टीतला दोरा दिसतो. मला पुस्तक दिसतं. म्हाताऱ्याकडं लेजर होतं! अमकीचा अमक्याशी, हे आधी लिहिलेलं, मग दोरा. पिशवीतले दोरे काढून त्यानं साऱ्या बाजाराला गुंडाळले असते तर त्याला चंद्राखालचा म्हातारा न म्हणता पोलिसांनी उचलला असता. त्या गोष्टीला काळजाला हात घालायची ताकद येते ती त्या एका टिकलीमुळं, एका मुलीच्या कपाळावरच्या एका खुणेमुळं. परंपरा अशी आहे: दोरा एकाचा एकाशी. आपल्या कलेनं दोरा तेवढा घेतला आणि वही म्हाताऱ्याकडंच ठेवली.

हे काम या बाईंना जमत नाही असंही नाही. तसं असतं तर मी भांडलोच नसतो. जर्मनीत काही वर्षं काढून त्या जपानला परत गेल्या, तेव्हा घरी ठेवलेले आपले जुने बूट पायात घातले आणि ते आपले वाटेनात. माप तेच, पाय तेच. त्यातून त्यांनी लोकांकडं जुनी पादत्राणं मागायला सुरुवात केली, आणि नुसती नव्हे. सोबत या पादत्राणाची आठवण लिहून पाठवा, असं सांगितलं. २०१४ साली वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत अशी तीनशेहून जास्त पादत्राणं मांडली होती. जोड नाही, एकेकच. प्रत्येकाला हातानं लिहिलेली चिठ्ठी, आणि प्रत्येकातून निघालेला लाल दोरा लांब जाऊन एकाच जागी बांधलेला. याला म्हणतात हिशोब! बूट हे व्हाउचर, चिठ्ठी हे नॅरेशन, दोरा म्हणजे पोस्टिंग. तीनशे नोंदी, पण एकेक टॅली झालेली. आणि याच बाईंनी पुढच्याच वर्षी व्हेनिसला पन्नास हजारांचा ढीग घातला, आणि जगानं व्हेनिसचाच जास्त गाजावाजा केला. बँकेतही असंच होतं. तीनशे खातेदारांना नावानं ओळखणारी शाखा तोट्यात दाखवतात आणि पन्नास हजार खात्यांच्या शाखेला ढाल देतात. त्या शाखेत खातेदाराला टोकन नंबरनं हाक मारतात.

भाचीनं शेवटचं शस्त्र काढलं. आणि ते चांगलं होतं, हे मामा म्हणून मला अभिमानानं सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, “मामा, नावं लिहिली असती तर लोक नावं वाचत बसले असते. नाव नाही म्हणूनच प्रत्येकाला ती किल्ली आपली वाटते.”

मी म्हटलं, बाई गं, दुखणं तेच आहे. दुसऱ्याची किल्ली पाहून मला माझं घर आठवलं, तुला तुझं आठवलं, आणि प्रत्येक जण आपापली आठवण काढून डोळे पुसत बाहेर पडला. तर यात दुसऱ्याचं काय झालं? ज्यानं किल्ली पाठवली त्याची चौकशी कोणी केली? हे माझं माझ्याशीच नातं झालं. सेल्फ चेक! पैसे आपले, सही आपली, घेणारेही आपणच. आणि फोटो काढायचा तर तोही आपलाच, मागं लाल दोरे.

ती म्हणाली, मेल्यावर सगळे बिननावाचेच होतात. कलाशाळेत हे असलं काहीतरी शिकवतात. मेल्यावर नाव किती लागतं हे आमच्या डेथ-क्लेमच्या टेबलावर येऊन पाहावं! जिवंतपणी ज्याला दारात कोणी ओळखत नव्हतं त्याचं स्पेलिंग तेव्हा अक्षराअक्षरानं तपासलं जातं. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण तिथंही ती नावानिशीच राहते. वारस विसाव्या वर्षी आला तरी त्याला ती मागता येते. जगातल्या सगळ्यात कोरड्या कायद्यानंसुद्धा माणसाला ढिगात टाकलेलं नाही.

लॉकरची किल्ली कशी असते ते बहुतेकांना माहीत असतं. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक तुमची. तुमचीची दुसरी प्रत आमच्याकडं नसते. हरवली तर लॉकर फोडावा लागतो. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई लॉकर परत करायला आल्या. यजमानांना जाऊन दोन महिने झाले होते. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी एक किंवा हयात राहील तो. लाल दोऱ्याचं याहून नेमकं भाषांतर माझ्या पाहण्यात नाही. दागिने त्यांनी न मोजता पिशवीत टाकले. मग तळाचा एक कापडी बटवा काढला आणि त्यातला किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ओतला. प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर यजमानांचं बारीक, तिरकं अक्षर. ‘गोदरेज, वरचा कप्पा.’ ‘माळ्यावरची ट्रंक.’ ‘नाशिकचे घर, मागचे दार.’ एकावर होतं, ‘सायकल (विकली)’.

त्या बाई ती एवढीशी किल्ली हातात धरून हसल्या, आणि मग हसणं थांबेपर्यंत मला दुसरीकडं बघायला लागलं. “विकली, तर किल्ली द्यायची ना बरोबर,” त्या म्हणाल्या. “पण यांचा स्वभाव.”

दोऱ्याचा रंग पांढरा होता, घरगुती. त्याला कोणी कला म्हटलं नसतं.

योको ओनो या दुसऱ्या जपानी बाई. त्यांच्या नवऱ्यामुळं त्या आपल्याला जास्त माहीत असतात, पण त्यांच्यावर आपण थोडा अन्यायच करतो. लहानपणी देवळात चिठ्ठीवर इच्छा लिहून झाडाला बांधायची, ही आपल्या लहानपणची रीत उचलून त्यांनी १९९६ पासून ठिकठिकाणी ‘विश ट्री’ मांडले. कोणीही यावं, इच्छा लिहून टांगावी. या चिठ्ठ्या गोळा होऊन आइसलँडला त्यांनी जॉन लेननच्या स्मरणार्थ २००७ साली उभारलेल्या प्रकाशस्तंभाकडं पाठवल्या जातात. इतकं दूर कशाला, हे विचारायचा मोह मी आवरतो. पण तिथं निदान प्रत्येक पानावर कुणाचं तरी अक्षर असतं, आणि शेजारची चिठ्ठी चोरून वाचता येते. चोरून वाचणं हीही नात्याचीच सुरुवात आहे. आमच्या चाळीत बरीच लग्नं अशीच जमली.

हे सगळं मी भाचीला सविस्तर पत्रानं कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं: ‘तुझं पटलं नाही. पण तू पाठवली असतीस तर कुठली किल्ली पाठवली असतीस?’

आता आला प्रश्न. आमच्या स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड, बंद पडलेले सेल आणि लग्नपत्रिकांच्या खाली, बेवारस किल्ल्यांचा एक डबा आहे. रविवारी सकाळी तो काढला. एकूण सतरा निघाल्या. मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, दोरा घेतला आणि पेन उघडून बसलो. तिघींची ओळख पटली. एक आईच्या कपाटाची, एक जुन्या स्कूटरच्या डिकीची, एक आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीची. ती घरमालकांना परत करायची राहिली होती. उरलेल्या चौदा मी बाजूला सारल्या आणि भंगारवाल्याची वेळ झाली का ते बघायला गॅलरीत गेलो.

परत आलो तेव्हा सौभाग्यवती टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी माझंच पेन घेऊन उरलेल्या चौदा किल्ल्यांसाठी मिळून एकच पुठ्ठा लिहिला होता आणि तो दोऱ्यानं घट्ट बांधायचं काम चाललं होतं. मी चष्मा लावून वाचलं.

‘कशाच्या ते माहीत नाही. टाकू नये.’